गल्लीतले माग थांबले तेव्हा

“पोरीच्या पायातले वाळे काढू नगंस. काय बी होऊ दे, ती माझ्याकडं हाय तवर काढायचे न्हाईत,” सत्याक्का म्हणाली.

मी “बरं बरं” म्हटलं, स्कूटर चालू केली आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत विसरूनही गेले. म्हाताऱ्या माणसांची एकेक हौस असते. तालमीजवळच्या सोनाराकडे स्वतः जाऊन तिने जुईसाठी चांदीचे वाळे आणले होते, एकेकाला पाच-पाच बारीक घुंगरं. मला वाटलं, कौतुक.

पाच वर्षं होतील त्याला. आम्ही तेव्हा इचलकरंजीत राहत होतो. माझा नवरा निनाद सुताला खळ देणाऱ्या एका सायझिंग कारखान्यात इंजिनिअर होता, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, आणि जुई अडीच वर्षांची. पहिल्या मजल्यावर आम्ही, आमच्या खाली सत्याक्काच्या दोन खोल्या. पुढे फरशीचं अंगण, अंगणातून मागे जाणारा एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला सुताच्या बाचक्यांचं पत्र्याचं गोदाम. आजूबाजूला सगळे यंत्रमाग. सकाळी सातला खटखट सुरू व्हायची ती थांबायची म्हणून नाही. पहिला महिनाभर मला वाटायचं, माझ्या कवटीतच कुणीतरी चार माग टाकलेत.

सत्याक्का एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगा बेळगावला. शेजारच्या शेडमध्ये तिने चाळीस वर्षं कांड्या भरल्या होत्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. मी पुन्हा कामावर जायचं ठरवलं तेव्हा आमच्या मालकीणबाई पद्माकाकू म्हणाल्या, “सत्याक्काकडे ठेव की पोरीला. अर्धी गल्ली तिच्या मांडीवर वाढली.”

मी खाली जाऊन, पुणेरी वळणाने विचारलं, “तुम्ही सांभाळाल का हिला, साडेआठ ते दोन?”

“अक्काला कोण तुम्ही म्हणतंय?” ती म्हणाली. “मी काय तलाठी हाय? तू म्हण. आणि पोरगी ठिव हितं.”

त्या भागातल्या बायकांसारखी तीही स्वतःबद्दल ‘आलो’, ‘गेलो’ असंच बोलायची. जुईने आठवड्याभरात ते उचललं. “आई, मी जेवलो,” म्हणायची आणि निनाद हसून लोळायचा.

मी हसत नव्हते. मी आधीपासूनच काळजीखोर. जुई झाल्यापासून तर दूध उतू जाण्याआधी मीच उतू जायचे. लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायच्या, घरी येऊन तोच डोळा जगाला लावायचा. एकुलती एक पोर मी ज्या बाईच्या हाती देत होते, ती विश्वास टाकण्यासारखी आहे का, हे मला ठरवायचं होतं. म्हणून डायरीच्या मागच्या पानावर मी सत्याक्काबद्दल टिपून ठेवायला लागले.

पहिली नोंद डब्यांची. तिच्या फळीवर एकसारखे अकरा डबे होते आणि प्रत्येकाच्या कडीला रंगीत सुताचा तुकडा बांधलेला. कुठे एक गाठ, कुठे दोन, कुठे चार.

“हे काय गं, सत्याक्का?”

“गाठी.”

“ते दिसतंय मला. कशासाठी?”

“हात रिकामा ऱ्हाईना झाला की मारतो एक गाठ,” ती म्हणाली आणि दोन गाठींच्या डब्यातून डाळ काढून घेतली.

दुसरी नोंद स्टुलाची. एकदा जुईला चप्पल घालताना मी तिच्या दाराजवळचं स्टूल हातभर सरकवलं. एरवी गोड बोलणारी बाई अशी खेकसली की जुई रडायला लागली. “माझ्या घरातली वस्तू हलवायची न्हाई! जिथली तिथं ठिव!” मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं. जुईच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत म्हणाली, “म्हातारपणी माणूस खडूस हुतंय बघ.”

तिसरी नोंद मी दोनदा अधोरेखित केली. एके दिवशी लॅबमधून लवकर आले. भर दुपार, अंगणात टळटळीत ऊन. जुई आत झोपलेली. आणि सत्याक्का डोळे घट्ट मिटून अंगणातून चालत होती. ओठ हलत होते. नळापाशी थांबली, वळली, बोळात शिरली, पार गोदामाच्या शटरला हात लावून परत आली. पुन्हा डोळे मिटून शेडच्या दारापर्यंत गेली. मी जिन्यावर श्वास धरून उभी.

पद्माकाकूंना सांगितलं तर त्यांचा चेहरा गंभीर झाला. “मीही बघितलंय. काहीतरी पुटपुटते ना? डब्यांना दोरे, डोळे मिटून फेऱ्या. आपण कशाला नाव घ्या, पण लेकरू आहे तुझं.”

निनादला सांगितलं तर तो म्हणाला, “व्यायाम करत असेल. तू उगाच माणसाच्या पेशी मोजत बसू नकोस.”

चौथी नोंद खेळाची. दोघी लपाछपी खेळायच्या, पण नियम उलटा. लपणाऱ्याने हातातली रिकामी कांडी ठोकायची. सत्याक्का म्हणायची, “कुठं गं जुई?” आणि कपाटामागून आवाज यायचा, टक-टक-टक.

“ही कसली लपाछपी?” मी विचारलं. “लपलेल्यानेच सांगायचं होय मी इथे आहे म्हणून?”

“लपायला कुणाला बी येतंय. सापडायला शिकवाय लागतंय,” ती म्हणाली.

“आणि हे घुंगरू कशाला? एवढ्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार?”

“तुला न्हाई येत. जाडा आवाज माग गिळत्यात, पोरी. बारीक आवाज मधल्या फटीतनं येतोय. चाळीस वर्सं शेडात काढली मी, धागा तुटला तर आवाजावरनं सांगायचो.”

मला ते फार आवडलं. डायरीत लिहून ठेवलं: बारीक आवाज फटीतून येतो. पण तिच्याबद्दल माझं काही ठरेना. जुई तिच्याकडे आनंदात होती, अंग धरत होती, लाल-पिवळा-निळा ओळखायला लागली होती, सत्याक्काच तिला एकेक धागा दाखवून विचारायची, “ह्यो कसला गं रंग?” आणि दुसरीकडे त्या गाठी, ते मिटलेले डोळे. संशय घ्यावा तर पुरावा नाही, विश्वास टाकावा तर धीर नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी मी जुईला आंघोळ घालत होते तेव्हा डाव्या वाळ्यातलं एक घुंगरू सैल लागलं. आदल्याच आठवड्यात फोनवर वाचलं होतं, कुठल्यातरी बाळाने घुंगरू गिळलं आणि ते श्वासनलिकेत अडकलं. दोन्ही वाळे काढले आणि पर्समध्ये टाकले. खाली गेले तेव्हा सत्याक्काची पूजा चालली होती. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ती रोज बसायची. पूर्वी एकटक बघायची. अलीकडे डोळे मिटून, बोटं लिंगावरून हळूहळू फिरवायची. पूजेत कशाला बोला, म्हणून जुईला दारात बसवलं, हातात कांडी दिली आणि म्हटलं, “जाते गं.” तिने मान हलवली.

वाळ्यांबद्दल मी काही बोलले नाही. परत आल्यावर सांगू, असं मनात म्हटलं.

अकराला फोन वाजला. सत्याक्काचा. तिच्याकडे बटणांचा जुना फोन होता आणि एक नंबरच्या बटणावर तिने मुलाचा नाही, माझा नंबर घालून घेतला होता.

“जुईच्या पायात वाळे हाईत का?” तिने विचारलं. बाकी काही नाही.

“नाही. मी सकाळी काढले. का गं?”

पलीकडे फक्त मागांची खटखट ऐकू आली.

“बरं,” ती म्हणाली. “ये.”

हातातली काचपट्टी तशीच टाकून मी निघाले. दहा मिनिटांचा रस्ता. त्यात मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही.

गल्लीत वळले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. काय ते आधी कळेना. स्कूटरचा आवाज फार मोठा येत होता. मग लक्षात आलं. माग बंद होते. उजवीकडची शेड बंद, समोरची बंद. कामगार दारादारात उभे, कुणी बोलत नव्हतं. डावीकडचा एकच माग चालू होता, तोही मी बघता बघता थांबला. इतकी शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. कुठल्यातरी वळचणीला पारवा घुमत होता, तोसुद्धा ऐकू आला.

मी स्कूटर अंगणात घुसवली, बोळाच्या तोंडाशी सोडली आणि ओरडायला तोंड उघडलं. सत्याक्का अंगणाच्या मधोमध उभी होती, मान किंचित वर. तिने माझ्या दिशेने हात केला.

“गप. एक शब्द न्हाई.”

पद्माकाकू माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, “सगळीकडे बघितलं गं, रस्त्यापर्यंत. हिने दूध उतरवायला म्हणून पाठ वळवली तेवढ्यात. आता ही म्हणते कुणी पळू नका, हाका मारू नका, माग बंद करा. स्वतः शेडाशेडात जाऊन बंद करायला लावले.”

आता त्या बाईचा गळा धरायचाच बाकी होता. पोर हरवलीय आणि ही उभी राहून हवेचा वास घेतेय? तेवढ्यात सत्याक्काने हाक मारली. मोठ्याने नाही. खेळात मारायची तशीच, लाडात.

“कुठं गं जुई?”

काही नाही.

“जुईबाई, कुठं गं?”

आणि आला. इतका बारीक की आधी मला माझ्याच रक्ताचा ठोका वाटला. टक. टक-टक.

“गोदाम,” सत्याक्का म्हणाली. “शटरच्या आत. बाचक्यांच्या मागं.” आणि ती निघाली. भराभर, सरळ, ओठांत आकडे मोजत, बोळाकडे.

बोळाच्या तोंडाशी माझी लालभडक स्कूटर उभी होती. टळटळीत उन्हात. सत्याक्का चालत गेली आणि सरळ तिच्यावर आदळली.

स्कूटर आडवी झाली, ती स्कूटरवर. मी जागच्या जागी थिजले. तिने स्कूटर चुकवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. पाय अडखळला नव्हता, पाऊल घसरलं नव्हतं. तिच्यापुढे स्कूटर नव्हतीच.

“माझ्याकडं काय बघतीस?” ती खालूनच ओरडली. “तुला डोळे हाईत, पळ!”

मी पळाले. मागून दोघे कामगार आले, त्यांनी शटर वर ओढलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. साडेदहाला टेम्पो बाचकी उतरवून गेला होता. त्याच्या मागोमाग जुई आत शिरली असणार आणि हमालाने न बघता शटर ओढून घेतलं. ती बाचक्यांच्या आणि भिंतीच्या फटीत बसली होती, लालबुंद, घामाने चिंब, रडून आवाज बसलेला. मुठीत कांडी. मला बघितल्यावर म्हणाली, “मी सापडलो.”

त्यानंतरचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. जुईला पाणी पाजलं, अंग पुसलं, छातीशी धरून बसले एवढं आठवतं. गल्लीतले माग एकेक करून पुन्हा सुरू झाले. मग मी जुईला कडेवर घेऊन सत्याक्काच्या खोलीत गेले. ती जमिनीवर बसली होती, गुडघा फुटलेला, त्यावर हळद दाबलेली. मी तिच्या तोंडासमोर तीन बोटं धरली.

“किती?”

ती हसली. “लॅबातली हाईस म्हणून सगळं तपासणार व्हय? दोन म्हणू का चार?”

“सत्याक्का, कधीपासून?”

“डावा गेला त्याला दोन वर्सं झाली. उजव्यानं पाडव्यापतोर धुरकट दिसायचं. आता उजेड-अंधार तेवढा कळतोय.” ती शांतपणे सांगत होती, जणू कुणाची तरी बदली झाल्याची बातमी. “मिरजेच्या डाक्टरनं सांगितलं, शीर सुकत चालली, परत येणार न्हाई, दोन-अडीच वर्सांत जाईल. पोरगं म्हणालं बेळगावला चल. मी म्हटलो, तिथं आलो तर आंधळी हुतो. हितं न्हाई. हितली पावलं माझी मोजलेली हाईत.”

“म्हणून डोळे मिटून फिरायचीस?”

“व्हय की. देवानं दिवा न्यायच्या आदी दोन वर्सं सांगावा धाडला. एवढी सवड कुणाला देतोय त्यो? माझ्या नवऱ्याला तर च्या प्यायची बी दिली न्हाई. मग त्या सवडीत रडत बसायचं का? अक्कल दिलीया ती काय डोईवर पदर टिकावा म्हणून दिलीया?”

फळीवरच्या अकरा डब्यांकडे मी बघितलं. मग स्टुलाकडे. ते जिथल्या तिथे होतं.

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं? माझी पोरगी होती, सत्याक्का!”

“सांगितलं असतं तर ठिवली असतीस?”

मी खोटं बोलू शकले असते. “नाही.”

“मग,” ती म्हणाली. आणि मग गुडघ्यावरची हळद दाबत, खालच्या आवाजात, “चुकलं माझं. वाळे हाईत, कांडी हाय, म्हटलं भागंल. तू वाळे काढशील ह्ये मोजायचं ऱ्हायलं. पर सांगू? पोरगी आल्यापास्नं घरात आवाज हुता. त्येचा मोह पडला मला.”

जुई माझ्या कडेवरून उतरली. तिने सत्याक्काच्या गुडघ्यावरची हळद बघितली, तिच्या हाताला धरून बोट तिथे टेकवलं आणि म्हणाली, “अक्का, हा पिवळा.”

मी पर्समधून वाळे काढले. सैल घुंगरू दाताने दाबून घट्ट केलं आणि दोन्ही जुईच्या पायात घातले.

दुसऱ्या दिवसापासून मी जुईला सत्याक्काकडे एकटी ठेवली नाही. ठेवणं बरोबर नव्हतं, आणि तिनेही कधी म्हटलं नाही. लॅबची वेळ अर्धी करून घेतली आणि दुपारी आम्ही दोघी खाली जाऊन बसायला लागलो. डायरीचं ते मागचं पान मी तिला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. “पद्मीला करणी वाटली? मग तिच्या डब्याला बी मारतो दोन गाठी!” तिने मला गाठी शिकवल्या, धागा तुटल्याचा आवाज शिकवला. एकदा म्हणाली, “तू बी डोळे मिटून फीर की घरात. दिस चांगला हाय तवर.” मी फिरले. सातव्या पावलाला कपाटावर आपटले. घर माझं, आणि मी ते मोजलेलं नव्हतं.

पुढे दीड वर्षाने निनादची नोकरी बदलली आणि आम्ही नागपूरला आलो. पण रविवारी सकाळी अकराला फोन ठरलेला. एक नंबरचं बटण. पहिला प्रश्न जुईला: “पायात काय हाय?”

“बूट.”

“वाजत्यात?”

“नाही.”

“मग काय उपेग?”

गेले तीन रविवार फोन आलेला नाही. मी केला की वाजतो, वाजतो आणि बंद होतो. पद्माकाकू घर विकून लेकीकडे गेल्या. बेळगावचा नंबर मी कधी घेतलाच नाही. पाच वर्षांत ते एवढंसं काम मला सुचलं नाही. मला सातवा महिना आहे, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलंय. निनाद शनिवारी निघतोय. पण आज सोमवार आहे.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी इचलकरंजीत असाल, किंवा त्या बाजूला जाणार असाल, तर तालमीच्या मागच्या गल्लीत जा. निळं दार, शेजारी नळ. अंगणात गाडी लावू नका, बोळाच्या तोंडाशी तर नकोच. आत गेलात तर स्टूल हलवू नका. माग चालू असतील तर शेडमधल्या कुणालातरी सांगा, सत्याक्कासाठी म्हणा, ते थांबवतील. मग दारात उभं राहून हाक मारा, फार मोठ्याने नको: “सत्याक्का, कुठं गं?”

आणि गप्प राहून ऐका. कांडी तीनदा वाजली का, तेवढं मला कळवा.